नितेशच्या खांद्यावर

मिरकरवाडा, रत्नागिरी
४ नोव्हेंबर २०२४

यज्ञेश,

नितेशदादाचा बालमित्र म्हणून तुला 'यज्ञेशदादा' लिहायची सवय आहे. आज मुद्दाम नुसतं नाव लिहिलंय.

तुझा नंबर मी ब्लॉक केलाय आणि ग्रुपमधून बाहेर पडलेय, म्हणून हे पत्र खोक्यात टाकून एसटीच्या पार्सलने पाठवतेय. खोक्यात तुझ्या चिलखताचे दोन्ही खांदे आहेत, पाठीचा भाग आहे आणि मांड्यांचे तुकडे आहेत. दादाने सगळं घासून, पुट्टी भरून तयार केलंय, रंग मी दिलाय. हुद्द्याचे पट्टे काढलेले नाहीत. का ते वाच.

काल भाऊबीज होती. मी दादाला ओवाळलं, आम्ही जेवायला बसलो, आणि तेवढ्यात तू ग्रुपवर यादी टाकलीस. मुंबईच्या चाहत्यांच्या मेळाव्यात आपल्या कोकण तुकडीतून कोण मालिकेतलं कोणतं पात्र होणार त्याची. यज्ञेश, कप्तान, तीन पट्टे. शौनक, उर्वी, ईशा, शिपाई, एकेक पट्टा. आणि शेवटी: नितेश, जखमी, भाग सातवा, स्ट्रेचरवर, पट्टा नाही. शेजारी तू अंगठा वर केलेलं चित्र टाकलंस. अंगठा!

दादाने फोन ताटाशेजारी ठेवून ते वाचलं. "बरं," एवढंच म्हणाला आणि भात संपवला. आईने विचारलं काय झालं, तर म्हणाला, "काय नाय, यज्ञ्याचं आपलं चाललंय." मग चपला घालून बाहेर गेला तो दिवेलागणीला परत आला.

तुला आठवण करून द्यायला नको, पण देते. गेल्या वर्षी मार्चमध्ये ट्रॉलरवरच्या जाळं ओढणाऱ्या विंचने त्याचा डावा हात कोपराखाली नेला. त्यानंतर पावसाळा संपेपर्यंत तो खोलीबाहेर पडला नाही. त्याला बाहेर काढलंस तू, हे मी मान्य करते. तू दापोलीहून आलास, लॅपटॉपवर 'केल्डर पोस्ट' ही अंतराळातली मालिका लावलीस, आणि म्हणालास, नित्या, हे चिलखत आपल्याला हुबेहूब करायचंय, पडद्यावर दिसतं तस्सं, आणि फायबरचं काम तुझ्याशिवाय कुणाला जमणार. तो विनोदच्या यार्डात जायला लागला तो त्या दिवसापासून. बोटींना फायबर मारायचं काम तिथे चालतं, त्यातच एका कोपऱ्यात त्याने साचे बनवले. गुडघ्याखाली फायबरची मॅट दाबून धरायची आणि उजव्या हाताने रेझिन लावायचं. पाचही जणांच्या छात्या त्याने ओतल्या, तुझीसुद्धा.

आणि आता तू त्याला सगळ्यांसमोर आडवा घालणार. का, तर त्याला एक हात नाही. जखमी फुकट, आयता मिळालाय ना तुला, मेकअपचा खर्च वाचला!

माझं म्हणणं सरळ आहे. तीन पट्टे दादाच्या खांद्यावर लागतील. नाहीतर तुझ्या खांद्यावर मी काहीच काढणार नाही. आमच्या दुकानात मी रोज रेडियमचे आकडे कापते आणि बंदरातल्या निम्म्या बोटींची नावं माझ्या हातची आहेत. तू स्वतः ब्रश घेऊन बसलास तर काय होईल ते तुला माहीत आहे.

ईशा


दापोली
९ नोव्हेंबर २०२४

ईशा,

खोकं मिळालं. उजव्या खांद्याची कड जरा जाड राहिलीय, ते नंतर बोलू.

तुझं पत्र वाचून मला वाईट वाटायला हवं होतं, पण राग आला. तू लिहिलंयस असं, जणू मी नितेशचा अपमान करायला बसलोय. अगं, हा पोरखेळ नाही. आपल्याला मालिकेच्या चाहत्यांच्या संघटनेत घ्यायचं की नाही हे मुंबईची समिती ठरवते. चारही बाजूंनी फोटो पाठवायचे, ते पडद्यावरच्या दृश्याशी ताडून बघतात. गेल्या वर्षी कोल्हापूरच्या एका मुलाचं अख्खं चिलखत परत पाठवलं, का, तर नारिंगी रंग दुसऱ्या पर्वातला होता आणि पट्ट्यांची रचना पहिल्या पर्वातली.

कप्तानाचे पट्टे बाहेरच्या अंगाला झुकलेले असतात. सगळ्यात वरचा टोकाला खरवडलेला असतो, कारण पहिल्याच भागात त्याचा खांदा दाराच्या चौकटीला घासतो. ते खरवडणंसुद्धा आपण करणार आहोत. इतकं बारीक बघणारे लोक एका हाताचा कप्तान चालवून घेतील? संपूर्ण मालिकेत एक हात नसलेला एकच माणूस दिसतो, तो सातव्या भागातला जखमी. मी समितीला विचारलं होतं. त्यांनी नाही म्हटलं. मग मी काय करायचं? नितेशला घरी बसवू? त्यापेक्षा त्याला एक असं काम दिलं, जे फक्त तोच करू शकतो. आणि त्याला मी आधी फोनवर विचारलं होतं. तो म्हणाला, "चालेल."

तो चालेल म्हणतो आणि तू नाही म्हणतेस. आता सांग, त्याच्या वतीने कोण बोलतंय?

आणखी एक. ही तुकडी मी उभी केली. रत्नागिरीत आणि दापोलीत लोक मला हसत होते तेव्हापासून. विद्यापीठाच्या बियाणं प्रयोगशाळेत मी दिवसभर कुणाच्या तरी हाताखाली पाकिटांवर चिठ्ठ्या चिकटवतो. तीन पट्टे ही एकच गोष्ट आहे, जी मी स्वतः कमावली. ते मी केवळ दयेपोटी दुसऱ्याला द्यावेत असं तुला वाटत असेल, तर तू नितेशला ओळखत नाहीस. त्याला दया नको असते. मी निदान त्याला काम देतो. तू त्याला नुसतं जपतेस.

पट्टे काढून पाठव. मेळावा एकवीस डिसेंबरला आहे.

यज्ञेश


मिरकरवाडा
१८ नोव्हेंबर २०२४

यज्ञेश,

खोटारडा आहेस तू.

"समितीला विचारलं होतं, त्यांनी नाही म्हटलं." हे वाक्य तू लिहिलंस ना? तुझ्या हाताने? मी समितीलाच मेल केला. कोकणच्या अर्जांचं काम तिकडे पद्मजाताई म्हणून एक बघतात. त्यांचं उत्तर आलं ते जसंच्या तसं उतरवते:

"तुमच्या तुकडीकडून असा प्रश्न आमच्याकडे कधीच आला नाही. शरीराच्या गरजेनुसार चिलखतात केलेला बदल आम्ही नेहमीच मान्य करतो. आमच्याकडे व्हीलचेअरवरचे दोन कप्तान आहेत. हुद्द्याचं चिन्ह पडद्यावरच्याप्रमाणे असावं, एवढीच अट. अंगाची अट नाही. तुमच्या भावाचा अर्ज जरूर पाठवा."

अंगाची अट नाही! वाचलंस? तू विचारलंच नव्हतंस. विचारलं असतंस तर 'हो' आलं असतं आणि तुझे तीन पट्टे गेले असते, म्हणून विचारलं नाहीस. वर मलाच शिकवतोस की मी त्याला जपते. हो, जपते. त्याच्या प्रत्येक शर्टाची डावी बाही मी दुमडून शिवते. तुला सांगते, ती बाही दुमडताना दया येत नाही, संताप येतो. त्या विंचचा, त्या मालकाचा, जो हॉस्पिटलात एकदा सफरचंदं घेऊन आला आणि परत फिरकला नाही. आणि आता तुझा.

'चालेल' म्हणाला म्हणे. दादा सगळ्याला चालेल म्हणतो. हात कापायच्या आधी डॉक्टरांनी सही मागितली तेव्हाही चालेल म्हणाला होता.

कप्तानाचा अर्ज मी दादाच्या नावाने पाठवला. काल दुपारी त्याच्या खांद्यांवर तीन पट्टे काढले, स्टेन्सिल कापून, झुकवून, वरचा टोकाला खरवडून, पहिल्या पर्वाच्या नारिंगीत. इतकं सुंदर काम मी आजवर केलेलं नाही. त्याने अजून पाहिलेलं नाही. खांदे वाळायला दुकानाच्या माळ्यावर ठेवलेत. यार्डात काम फार वाढलंय, तो पहाटेच जातो आणि दुपारी येऊन जेवून जो झोपतो तो संध्याकाळी उठतो. तयार झालं की त्याच्यासमोर ठेवीन.

तुझे खांदे पट्ट्यांशिवायच राहतील. स्ट्रेचर रिकामं आहे, तू झोप त्यावर.

ईशा


दापोली
२२ नोव्हेंबर २०२४

ईशा,

विचारलं नव्हतं. बरोबर आहे. आणखी काय लिहू?

नाही, लिहितो. तुला फक्त अर्धंच दिसतं. चार वर्षं मी त्या तीन पट्ट्यांसाठी थांबलो. मुंबईवाले म्हणायचे, आधी पाच जण जमवा, मग कप्तान व्हा. मी जमवले. कप्तानाचं शिरस्त्राण माझ्या डोक्याच्या मापाने ओतलं. नितेशने स्वतः ओतलं, माझ्या नाकाला पेट्रोलियम जेली फासत हसत होता. तेव्हा तो म्हणाला नाही की कप्तान मी होतो. तूही म्हणाली नाहीस. यादी आल्यावर तुम्हाला सुचलं. मी खोटं बोललो ते चूक. पण ते मी माझं होतं ते वाचवायला बोललो. कुणाचं चोरायला नाही.

आणि तू तरी त्याला विचारलंस का? पट्टे काढायच्या आधी? पत्रात कुठे दिसलं नाही.

मी विचारणार होतो. तुझं पत्र आलं त्याच दिवशी सकाळी त्याला फोन लावला, लागला नाही. म्हणून विनोदच्या यार्डात लावला. विनोद म्हणाला, "नितेश? तो सकाळचा कुठे असतो इकडे? गणपती झाल्यापासून संध्याकाळचाच येतो, तोही एक दिवसाआड." मी म्हटलं, घरी तर सांगतो पहाटे यार्डात जातो. त्यावर विनोद म्हणाला, "मला काय माहीत नाही, तुम्ही त्यालाच विचारा."

तू एका घरात राहतेस त्याच्याबरोबर. त्याच्या शर्टाची बाही शिवतेस. तो पहाटे कुठे जातो तेवढं विचार. मला कळवायची गरज नाही.

उर्वी आणि शौनकच्या पिंडऱ्यांचे तुकडे परत पाठवतोय, घासायचे राहिलेत.

यज्ञेश


मिरकरवाडा
२६ नोव्हेंबर २०२४

ईशा आणि यज्ञ्या,

एकाच पत्राच्या दोन प्रती काढल्यात. एक ईशाच्या उशीखाली ठेवतोय, दुसरी टपालाने दापोलीला जाईल. एका घरात राहून पत्र का लिहितो, तर बोलायला गेलो की ईशा माझं वाक्य पुरं होऊ देत नाही. आणि आईच्या कानावर हे माझ्या तोंडून जायला हवं, तुमच्या भांडणातून नको.

पार्सल आणायला स्टँडवर मी गेलो होतो. खोकं फाटलेलं होतं, पत्र वरच होतं. वाचलं. मग घरी येऊन ईशाच्या पेटीतलं यज्ञ्याचं आधीचंही वाचलं. ते बरोबर केलं नाही मी. पण माझ्याबद्दल एवढं लिहून झालेलं, आणि मलाच काही माहीत नाही!

माळ्यावरचे खांदे बघितले. ईशे, काम एक नंबर झालंय. काल थिनर लावून तिन्ही पट्टे पुसून टाकले. रडू नकोस आणि ओरडू पण नकोस, आधी वाच.

मी कधी तांडेल नव्हतो. बोट चालवायची, हुकूम द्यायचा, ते माझं काम कधीच नव्हतं. मी खलाशी होतो. विंचवर उभा राहायचो, जाळं सोडायचो, ओढून घ्यायचो. हात गेला म्हणून मला एकदम कप्तान कशाला करतेस? ते मोठेपण मला त्या हाताच्या बदल्यात दिल्यासारखं वाटतं. हॉस्पिटलातल्या सफरचंदांसारखं.

आणि यज्ञ्या, तू. स्ट्रेचरवर झोप म्हणालास, मी चालेल म्हटलं, कारण मला हसू आलं आणि रागही आला, आणि दोन्ही एकदम आलं की माझ्या तोंडून चालेलच निघतं. तू लहानपणापासून ओळखतोस मला. तुला त्या 'चालेल'चा अर्थ कळायला हवा होता. तू सोयीचा तेवढा घेतलास. खोटं बोललास त्याचा मला इतका राग नाही. दोन हजार माणसांसमोर मला झोपवलेलं तुझ्या डोळ्यांसमोर आलं आणि तुला काहीच वाटलं नाही, त्याचा आहे.

तुम्ही दोघं महिनाभर माझ्या खांद्यावरून भांडताय. खांद्याखाली मी कुठे आहे ते दोघांपैकी एकानेही पाहिलं नाही.

गणपती झाल्यापासून मी परत बोटीवर जातोय. गंगारामकाकांच्या. लहान बोट आहे, पहाटे जाते आणि दुपारी येते. दोराला हात लावत नाही, विंचची लिव्हर धरतो. उजव्या हाताने लिव्हर, डाव्या कोपराने टेकू. पहिल्या दिवशी ड्रम फिरायला लागला तेव्हा मला उलटी झाली. काका म्हणाले, "उतर हवं तर." मी उतरलो नाही. तिसऱ्या फेरीला उलटी थांबली. आठवडाभराने मी मागे वळून न बघता नुसत्या आवाजावरून सांगायला लागलो, जाळं भरलंय की खडकाला अडकलंय.

आईने भैरीच्या देवळात शपथ घातली होती, परत समुद्रावर पाय ठेवणार नाही म्हणून. मी ती मोडली. तिला मीच सांगणार आहे. तुम्ही मध्ये पडायचं नाही.

आता हुद्द्याचं. मालिकेत टेदरमन आहे बघा. यानाच्या दाराशी उभा राहून बाहेर गेलेल्यांच्या दोऱ्या सांभाळणारा. तो कधी बोलत नाही, म्हणून तुमचं लक्ष नसतं. त्याला दोन पट्टे आणि खाली पिवळं वलय. मला ते हवंय. डाव्या हाताला चिलखत घालायचं नाही. कोपराशी मी फायबरची टोपी करतोय, बंद, गुळगुळीत. पोकळ हात अडकवून फिरणार नाही. समितीला चाललं तर ठीक, नाही चाललं तर मी येत नाही, आणि तुम्ही माझ्यासाठी भांडायचं नाही.

नितेश


दापोली
३० नोव्हेंबर २०२४

नित्या,

पत्र प्रयोगशाळेच्या पत्त्यावर आलं. साहेबांसमोर उघडलं आणि मग बाहेर येऊन काजूच्या झाडाखाली उभं राहून पुन्हा वाचलं.

पद्मजाताईंना मी स्वतः लिहिलं, की मी प्रश्न न विचारताच तुम्हाला त्यांचं नाव सांगून नकार कळवला. त्यांचं उत्तर संध्याकाळीच आलं, दोन ओळी. तुकडीप्रमुख म्हणून माझं नाव या वर्षापुरतं काढलंय आणि कप्तानाचा माझा अर्ज परत पाठवलाय. ईशाने तुझ्या नावाने केलेला कप्तानाचा अर्ज मी तुझ्या पत्राचा दाखला देऊन मागे घ्यायला सांगितला. टेदरमनचा नवा अर्ज तू स्वतः कर. अर्ज कुणी भरायचा ते मला आता कळलंय.

एवढं केलं म्हणून तू मला माफ करावंस असं म्हणत नाही. मीही चिडलोय. तू समुद्रावर परत गेलास, तीन महिने होत आले, आणि मला सांगितलं नाहीस. मी दर रविवारी फोन करतो. तू मला रेझिन किती वेळात वाळतं ते सांगतोस. उलटी झाली ते सांगत नाहीस. विंच बघून तुला काय वाटलं असेल याची मला कल्पना करायची वेळ आली ती पत्र वाचून. मग आपण इतकी वर्षं काय बोलत होतो रे?

'चालेल' परत माझ्याशी बोलू नकोस. शिवी दे.

मी मेळाव्याला एका पट्ट्याने येईन. तेही तुम्ही दोघं ये म्हणालात तर.

यज्ञेश


मिरकरवाडा
६ डिसेंबर २०२४

यज्ञेश,

हे पत्र दादाने लिहायला सांगितलेलं नाही. त्याने तुझं पत्र मला वाचायला दिलं आणि म्हणाला, "काय कळवायचं ते कळव." म्हणून कळवते.

बुधवारी दुपारी त्याने आईला सांगितलं. तिच्या खानावळीचे डबे गेले होते, ती कोलंबी सोलत बसली होती. तो तिच्यासमोर बसला आणि सगळं सांगितलं, शपथेसकट. मला वाटलं ती रडेल. तिने कोलंबीची टोपली उचलली आणि त्याच्या अंगावर फेकली. मग उठली, हात न धुता चपला घातल्या आणि निघाली.

अपघातानंतर ती जेटीवर उतरलेली नाही. पूर्वी लिलावात तिचा आवाज सगळ्यांच्या वर असायचा, तुला माहीत आहे. त्या दिवसापासून तिने मासळी विकणंच सोडलं. त्या बाईने बर्फाच्या गाड्यांमधून, टोपल्यांमधून वाट काढली आणि सरळ गंगारामकाकांच्या बोटीसमोर उभी राहिली. आम्ही दोघं मागे पळतोय.

"गंगाराम! लाज नाय वाटली रे तुला?"

काका जाळं ठीक करत होते. उभे राहिले. "वहिनी, मी त्याला बोलावला नाय. तोच—"

"तो आला म्हणून घेतलास? उद्या विहिरीत उडी मारायला आला तर कठडा काढून देशील?"

दादा म्हणाला, "आई, काकांना बोलू नको. मी मागे लागलो होतो."

"तू गप ऱ्हा! तुझ्याशी मी बोलतच नाय."

सगळी जेटी थांबली होती. लिलाव करणारासुद्धा. मला वाटलं आता ती दादाला ओढत घरी नेणार. तिने लुगड्याचा पदर खोचला आणि फळीवरून बोटीत चढली. काकांनी हात पुढे केला, तो तिने झटकला. विंचसमोर जाऊन उभी राहिली. कितीतरी वेळ त्या ड्रमकडे बघत होती. मग मागे न बघता म्हणाली, "दाखव."

"काय?" दादाने विचारलं.

"कसा धरतोस ते दाखव मला."

दादा बोटीत गेला. त्याच्या जागेवर उभा राहिला, कोपर टेकवलं, लिव्हर धरली. काकांनी इंजिन लावलं. ड्रम फिरला, तार सुटली, परत गुंडाळली गेली. दादा तारेकडे बघत नव्हता, समोर पाण्याकडे बघत होता. मी मात्र बघू शकले नाही. मी डोळे मिटले, खरं सांगते. आईने मिटले नाहीत.

इंजिन बंद झाल्यावर ती पुढे झाली आणि लिव्हरपासून ड्रमपर्यंतचं अंतर स्वतःच्या हाताने मापलं. बोटांपासून कोपरापर्यंत, मग पुन्हा एकदा.

"एवढंच?" काकांना म्हणाली. "एवढ्यावर माझ्या पोराला उभा केलास? लिव्हर लांब कर. दुप्पट. वेल्डिंगवाल्याला आजच बोलव. आणि ड्रमला जाळी बसव पुढून. ती बसेपर्यंत हा बोटीवर आला, तर तुझी बोट मी पेटवीन."

काका म्हणाले, "होय, वहिनी."

"आणि तू," ती दादाला म्हणाली, पण त्याच्याकडे बघून नाही, "भैरीकडे तुझा तू जा. तिथे मी येणार नाय."

घरी आल्यापासून ती त्याच्याशी बोलत नाही. काल पहाटे तो उठला नाही, कारण जाळी बसली नव्हती. काल संध्याकाळी बसली. आज पहाटे तो उठला तेव्हा ओट्यावर डबा भरून ठेवलेला होता आणि आई भिंतीकडे तोंड करून झोपल्याचं सोंग करत होती.

मी तशी नाही. मला अजून राग आहे. तो रोज माझ्यासमोर खोटं बोलून बाहेर पडला. त्याच्या शर्टाला ग्रीसचा वास यायचा, तो मी यार्डाचा समजून धुवायचे. मी त्याला विचारलं नाही असं तू लिहिलंस, ते खरं आहे, आणि ते खरं आहे म्हणून मला तुझा जास्त राग आला. उद्या पुन्हा विंच फिरेल आणि मी दुकानात आकडे कापत बसेन, आणि फोन वाजला की माझ्या हातातली सुरी घसरेल. हे त्याला सांगितलं. तो म्हणाला, "मला माहीत आहे." चालेल म्हणाला नाही, एवढंच.

टेदरमनचा अर्ज त्याने स्वतः भरला. पद्मजाताईंनी मंजूर केला. कोपराच्या टोपीचा फोटो बघून त्यांनी विचारलं, इतकं गुळगुळीत कसं केलंत. त्याने लिहिलं, घासून.

आता कामाचं. दोन पट्टे मी काढून दिलेत. पण ते पिवळं वलय मी काढणार नाही. मी त्याला तसं तोंडावर सांगितलं. त्या दोऱ्यांपाशी त्याने उभं राहावं, हे माझ्या हाताने मी त्याच्या खांद्यावर लिहिणार नाही. तो म्हणाला, "बरोबर आहे तुझं," आणि ब्रश घेऊन स्वतः बसला. एका हाताने खांदा धरायचा की ब्रश? तो सरकला, रंग वाहिला, त्याने पुसलं. दोनदा. मी बसून बघितलं आणि हात पुढे केला नाही.

तेव्हा तू ये. खांदा तू धर किंवा वलय तू काढ, तुमचं तुम्ही ठरवा. स्टेन्सिल मी कापून ठेवलंय, कारण तुझा हात थरथरतो आणि त्याचं चिलखत तुझ्यामुळे बिघडलेलं मला चालणार नाही. रविवारी बोट जात नाही, तो घरीच आहे. मला काय बोलायचंय ते मी तेव्हा तुझ्या तोंडावर बोलेन, आणि ते बरंच आहे.

आई म्हणाली, त्याला जेवायला थांबायला सांग. मी थांब म्हणत नाहीये. तिचा निरोप कळवतेय.

ईशा